न रंगवलेला हात

खोक्यावर पेन्सिलीनं लिहिलंय : परलोक, एकतीस पानं.
खाली बस्त्यावच्या अक्षरात : कसर लागली आहे. पाणी लावू नये.

काळ्या घोड्यामागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर,
मी एकेक पान उचलते
झोपलेल्या मुलाचा हात आपल्या अंगावरून काढावा तसं.
दोनशे वर्षांपूर्वी कुणी म्हातारा अंथरुणातच,
उशांना टेकून, रंगवत होता
त्याच्याहून पाचशे वर्षांनी थोरली एक कविता :
जिवंतपणी मेलेल्यांच्या मुलखात गेलेल्या माणसाची.
तांबडा अंगरखा त्या माणसाचा.
निळा, त्याला वाट दाखवणाऱ्याचा,
जो स्वतः केव्हाच मेलेला.

खाऱ्या हवेनं तांबेरा चढलाय कडांवर.
सापांच्या पानातले साप कसरीनं खाल्ले,
चोर तेवढे शाबूत.
बस्त्याव असता तर म्हणाला असता,
मुंबईची कसर, बाय. माणसं ओळखते.

नरक मला नवा नाही.
भंडारवाड्याच्या टेकडीखाली, नामूच्या सलूनमध्ये,
आरशाच्या डाव्या अंगाला काचेत लावलेला होता तो :
खोटं बोलणाऱ्याची जीभ सांडशीत,
मापात मारणाऱ्यावर करवत,
कढईत तीन बायका,
आणि यमाची मिशी थेट नामूसारखी.
धाकट्याचे केस कापून होईतो मी पापं मोजत बसायची.
सगळं होतं त्यात, उकळत्या तेलाचे बुडबुडेसुद्धा.
सोबत मात्र नव्हती कुणाला.
जो तो आपापल्या कढईत.

इथे, बाराव्या पानावर,
निळ्यानं तांबड्याला उचलून घेतलंय,
भरतीच्या पाण्यातून पोर काढावं तसं,
आणि मागे सैतान नुसते ओरडतायत.

बस्त्यावनंच शिकवलं मला.
खळ गव्हाची, पेजेच्या निवळीइतकी पातळ.
जपानी कागद फाडायचा, कापायचा नाही,
तुसं राहिली पाहिजेत, तुसंच धरून ठेवतात.
आणि पहिल्या दिवशीच :
फाटलंय ते जोडायचं. राहिलंय ते राहू द्यायचं.
चित्र पुरं करणारे आपण कोण?
कविता त्यानं कधी वाचली नाही.
पण शुद्धिस्थानाचा डोंगर आला की
चष्मा कपाळावर घेऊन बघत राहायचा.
हितं कुठंतरी आमची माय असंल. चढत असंल.
गुडघं लय दुखायचं तिचं.

एका शुक्रवारी त्यानं एप्रन खुंटीला अडकवला,
त्याची हाडाची पट्टी माझ्या खणात ठेवली.
मी खळ ढवळत होते, गुठळी होऊ नये म्हणून.
मान वर केली तेव्हा जिन्यातला आवाजही खाली पोचला होता.
जानेवारीत माझगावहून फोन आला.

कवितेत म्हणे असंच होतं.
डोंगरमाथ्यावर तांबडा काहीतरी सांगायला वळतो
आणि निळा तिथे नसतो.
ते पान मी शोधलं, दोनदा.
काढलंच नव्हतं, की आमच्या कसरीनं नेलं,
कळायला मार्ग नाही.

एकोणिसावं पान मिळालं.
चढण. तांबडा पुरता रंगवलेला, टाचेच्या भेगेपर्यंत.
निळा वरच्या दगडावर, वाकून हात देतोय,
आणि बाही संपते तिथे रंगही संपतो.
पुढे नुसती पेन्सिल.
पाच बोटं, त्यांतून कागद दिसतो.
त्या कागदालाच तांबड्यानं घट्ट धरलंय.

ब्रश हातात होता. खोटं कशाला बोलू,
सांडशी आठवली.

नोंदवहीत लिहिलं : हात अपुरा. तसाच ठेवला.
मग कडेची चीर जोडून
वर हाडाची पट्टी फिरवली, हलकी, आतून बाहेर.
तिच्यावर चाळीस वर्षांच्या अंगठ्याचा खळगा पडलाय.
माझा अंगठा त्यात
थोडा सैल बसतो.